वहीतला पाच नंबर

लातूरच्या आमच्या घरात वायफायवर चालणाऱ्या आठ वस्तू आहेत. हा आकडा अंदाजे नाही. त्यांची नोंद असलेली वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या वहीपायी माझ्या बायकोचं एक वर्ष वाया जाता जाता राहिलं, म्हणून मी ती फेकलेली नाही.

मी डाळमिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. सव्वीस वर्षं झाली. गाडी फाटकातून आत आली की तिला टोकन मिळतं आणि त्या टोकनावरचा नंबर गाडी बाहेर पडेपर्यंत तिचाच असतो. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, सगळं त्या नंबरावर. मधेच नंबर बदलला तर तुरीची गाडी हरभऱ्यात जाईल. त्यामुळे एकदा दिलेला नंबर बदलत नसतो, ही समजूत माझ्या हाडात मुरलेली आहे.

गेल्या वर्षी घरातलं नेट हळू चालायला लागलं, म्हणून मी राउटरच्या पाठीवरचा पासवर्ड वाचून त्याचं आतलं पान उघडलं. राउटर म्हणजे आमच्या शोकेसवरची दोन शिंगांची पांढरी पेटी. त्या पानावर घरातल्या प्रत्येक वस्तूसमोर एक नंबर होता. सगळ्यांची सुरुवात सारखी, १९२.१६८.१, आणि त्यापुढचा शेवटचा आकडा ज्याचा त्याचा वेगळा. राउटर स्वतः एक. त्या दिवशी टीव्ही चार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट जाऊन आली आणि मी पुन्हा पाहिलं, तर टीव्ही सात आणि चारवर माझा फोन.

मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी असते. तिला फोन लावला.

"पप्पा, ते आपोआप होतं," ती म्हणाली. "ज्याला लागेल त्याला राउटर नंबर देतो. तुम्ही नका बघू तिकडं."

"पण आज एक आणि उद्या दुसरा?"

"तुम्हाला टीव्हीच्या नंबराचं काय करायचंय? त्याला फोन लावणार आहात का?"

तिचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती. पण एका रविवारी मी शंभर पानी वही घेतली, रेघा मारल्या आणि साडेतीन तास बसून प्रत्येक वस्तूत स्वतःच्या हाताने कायमचा नंबर घातला. माझा फोन दोन. टीव्ही तीन. प्रिंटर चार. बायकोचा लॅपटॉप पाच, तिचा फोन सहा. जुना कॉम्प्युटर सात, फाटकावरचा कॅमेरा आठ. मुलीचा फोन नऊ, ती सुट्टीला येईल तेव्हासाठी.

बायकोने वही उभ्याउभ्याच वाचली.

"टीव्हीला तीन आणि मला पाच?"

"सहाही आहे की तुला."

"म्हणजे आधी टीव्ही, मग प्रिंटर, मग मी."

"अगं, जे हाताशी आलं ते आधी लिहिलं."

"अठ्ठावीस वर्षं हाताशीच आहे मी," ती म्हणाली आणि वही माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

एक गोष्ट मात्र मी केली नाही. राउटरचं आपोआप नंबर वाटणं बंद केलं नाही. पाहुणेरावळे येतात, त्यांच्या फोनला लागेल म्हणून ते चालू ठेवलं. त्यामुळे घरात नंबर देणारे दोघे झाले, मी आणि राउटर. माझी वही त्याला दिसत नव्हती आणि त्याची यादी मी त्या रविवारनंतर उघडली नव्हती.

आता बायकोबद्दल. लग्न झालं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि कॉलेज तिथेच सुटलं. मुलगी नोकरीला लागल्यावर तिने बाहेरून बी.ए. पुरं केलं आणि पुढे समाजशास्त्रात एम.ए.ला नाव घातलं. वय सत्तेचाळीस. तिच्या मार्गदर्शक बाई नांदेडला राहतात. दर पंधरा दिवसांनी ही पहाटेचा स्वयंपाक उरकून एसटीने नांदेडला जायची आणि संध्याकाळी परत यायची. अशा एकोणीस फेऱ्या झाल्या. मी एकदाही तिला बसस्टँडवर सोडायला गेलो नाही, कारण सकाळी आठला माझा काटा सुरू होतो. हे कारण खरं आहे. तरी लिहिताना बरं वाटत नाही.

तिच्या प्रकल्पाचा विषय होता आमच्या गल्लीतली पाण्याची रांग.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीला टँकर यायचा. कधी आठव्या दिवशी, कधी नवव्या, वेळ ठरलेली नाही. पहिल्या टँकरला भांडणं झाली. म्हणून दुसऱ्या टँकरच्या आधी मी सव्वीस घरांची यादी केली, प्रत्येक घराला नंबर दिला आणि टँकरपाशी उभा राहून नंबर पुकारले. दोन टँकर अगदी शिस्तीत झाले. लोकांनी नाव काढलं. पुढचा टँकर आला तेव्हा मी मिलमध्ये होतो आणि यादी माझ्या शर्टाच्या खिशात होती. नंबर सगळ्यांना पाठ होते, पण घरं चार बंद होती. त्यांच्यासाठी थांबायचं की पुढे जायचं, हे यादीत लिहिलेलं नव्हतं. बाया थांबल्या, टँकरवाला थांबला नाही. तो निम्मं पाणी घेऊन पुढच्या गल्लीत गेला.

त्यानंतर बायांनी यादी सोडली आणि घागरी मांडल्या. येणारीने रिकाम्या जागेपाशी उभं राहून मोठ्याने विचारायचं, "हितं कुणाची हाय का?" जरा थांबायचं. कुणी बोललं नाही तर आपली घागर ठेवायची. कुणी "हाव, माझी हाय" म्हणालं तर मुकाट्याने पुढे सरकून दुसऱ्या जागेपाशी हेच विचारायचं. घर बंद असलेलीची जागा अडून राहत नसे आणि ती आली की तिला दुसरी मिळे. पुकारणारं कुणी नव्हतं. पाऊस पडेपर्यंत एकही भांडण झालं नाही.

बायकोने त्या रांगेतल्या बायकांना गाठून एक्केचाळीस मुलाखती रेकॉर्ड केल्या. काही जणी आता उदगीरला, काही किल्लारीकडे राहायला गेल्यात, तिथपर्यंत ती जाऊन आली. प्रकल्पाच्या शेवटी तिने माझी सव्वीस घरांची यादीही जोडली. परवानगी विचारली तेव्हा मी खूश झालो होतो. ती यादी "न टिकलेली पद्धत" या मथळ्याखाली जाणार आहे, हे मला छापून आल्यावर कळलं.

तोंडी परीक्षा व्हिडिओवर होणार होती. सकाळी अकरा वाजता, समोर तीन परीक्षक, त्यांतल्या एक नांदेडच्या बाई. सूचनेत लिहिलं होतं की लॅपटॉपवरूनच हजर व्हावं, मोबाइल चालणार नाही, आणि अकरा वाजून दहा मिनिटांपर्यंत न आलेल्याला गैरहजर धरलं जाईल. गैरहजर म्हणजे सरळ पुढचं वर्ष.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी ती उमरीहून परत आली. माहेरी भाच्याचं लग्न होतं, त्यासाठी आठ दिवस ती तिकडेच होती. टिपणं कागदावर घेऊन गेली होती, लॅपटॉप इथे कपाटात बंद. येताना आईला घेऊन आली. सासूबाईंना मी मामी म्हणतो, आमच्याकडे तशीच रीत आहे. पाय धुऊन होतात न होतात तोच मामींनी पिशवीतून फोन काढला.

"बापू, तुमचं नेट लावून द्या बरं. लग्नाच्या गडबडीत माहूरच्या देवीची आरती बघणंच झालं न्हाई."

मी पासवर्ड घातला, फोन लगेच जोडला गेला. त्याला कोणता नंबर मिळाला ते मी पाहिलं नाही. पाहुण्यांची नोंद मी ठेवत नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेतली होती. दहा वाजून दहा मिनिटांनी बायकोने लॅपटॉप उघडला. इस्त्रीची साडी, टेबलावर टिपणं, पाण्याचा तांब्या, सगळं जागच्या जागी.

"अहो, नेट नाही म्हणतोय हा."

"असं कसं? मामींची आरती चालू आहे की."

आतल्या खोलीतून झांजांचा आवाज येत होता. राउटरमध्ये बिघाड नाही याचा तो माझ्यापुरता पुरावा होता. लॅपटॉपच्या कोपऱ्यात एक सूचना आली होती, ती मी न वाचताच बंद केली, कारण तसल्या सूचना रोज दहा येतात. मग मी नंबर तपासला. तिथे पाच नव्हता. १९२ सुद्धा नव्हतं. तिथे होतं १६९.२५४.८७.३१.

हा नंबर मी दिला नव्हता. माझ्या वहीत नव्हता, राउटरच्या सुरुवातीशी जुळत नव्हता. टोकन न घेता एखादी गाडी थेट काट्यावर येऊन उभी राहावी, तसं मला झालं.

"कुणीतरी घुसलंय," मी म्हणालो.

"कुठं घुसलंय?"

"लॅपटॉपमध्ये. हा नंबर आपला नाही."

मी पाच पुन्हा भरला. क्षणभर वाटलं झालं, आणि परत तेच १६९. लॅपटॉप बंद करून चालू केला. चार मिनिटं गेली. परत तेच. पुन्हा एकदा केलं, पुन्हा चार मिनिटं. मग माझ्या फोनचं नेट त्याला जोडून पाहिलं. जोडलं गेल्याचं दाखवत होता, पण पान उघडेना. नंतर कळलं की मी घातलेला कायमचा पाच तिथेही त्याला चिकटलेला होता. दुसऱ्याच्या दारात उभा राहूनसुद्धा तो आमच्याच घराचा नंबर सांगत होता, मग तिथे त्याला कोण ओळखणार?

दहा बत्तीस झाले. बायकोने टिपणांची पानं एकावर एक नीट लावली आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलं.

"यंदा नाही झालं तर मी पुन्हा बसणार नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आत्ताच सांगून ठेवते."

एकोणीस फेऱ्या, एक्केचाळीस मुलाखती. माझ्या डोक्यात आकडेच आले.

ती उठून गॅलरीत गेली आणि समोर हाक मारली, "चाचा!"

आमच्या समोर चाचांचं दुरुस्तीचं दुकान आहे. आजोबांच्या वेळेपासून त्यांचं घर याच गल्लीत आहे. आजोबांनी घड्याळं केली, वडिलांनी रेडिओ, चाचांनी टीव्ही, आणि आता पासष्टीला ते राउटर आणि कॅमेरे बसवतात. आमच्या फाटकावरचा कॅमेरा त्यांनीच लावलेला. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन ते जिना चढून आले.

"क्या हुआ काटेवाले? भाभींचा असा आवाज कधी ऐकला न्हाई."

"चाचा, चोर शिरलाय. हा नंबर बघा."

चाचांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. वाचलं आणि हसायला लागले.

"एकशे एकोणसत्तर, दोनशे चौपन्न! चोर कशाचा हो? शरीफ आहे बिचारा. घरात पाहुणं कोण आलंय?"

"माझी आई," बायको म्हणाली.

"त्यांचा फोन आणा जरा."

मामी स्वतःच फोन घेऊन दारात आल्या. आरती संपली होती. चाचांनी फोनमध्ये दोन ठिकाणी बोट लावलं आणि तो माझ्यासमोर धरला. १९२.१६८.१.५.

"वहीत पाच कुणाचा?"

"लॅपटॉपचा."

"आणि लॅपटॉप आठ दिवस कुठं होता?"

"कपाटात."

"मग! काल आजींच्या फोननं नंबर मागितला. राउटरनं वरून खाली बघितलं. दोनला विचारलं, दोन बोलला. तीन बोलला, चार बोलला. पाच, कोई है क्या? आता कपाटातनं कोण बोलणार? दिला पाच आजींना. सकाळी तुमचा लॅपटॉप उठला. त्याला तुम्ही सांगून ठेवलंय, तू पाच. त्यानं बसायच्या आधी विचारलं, पाचवर कुणी हाय का? फोन म्हणाला, हाव, मी हाय. लॅपटॉप भांडला न्हाई. बाजूला झाला, आपल्या मनानं एक वेगळाच नंबर घेतला, तोबी विचारूनच, आणि गप बसला. तुम्हाला सांगत बी होता, पण तुम्ही ती चिठ्ठी फाडून टाकली असंल."

ती न वाचता बंद केलेली सूचना मला आठवली. मी ते कबूल केलं.

बायको लॅपटॉपकडे बघत होती. "घागर," ती म्हणाली.

"काय?"

"अहो, घागर! हितं कुणाची हाय का. थांबायचं. हाय म्हणलं की सरकायचं. एक्केचाळीस जणींनी हेच सांगितलं मला." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तुम्ही परत यादी केली."

मी घड्याळ पाहिलं. दहा पंचेचाळीस.

"ते नंतर भांडा," चाचा म्हणाले. त्यांनी लॅपटॉपमध्ये माझा पाच पुसला आणि 'आपोआप' या खुणेवर बोट ठेवलं. "वहीला थोडी सुट्टी. आता हा राउटरला विचारल, राउटर दील."

आम्ही चौघं पडद्याकडे बघत राहिलो. १६९ गेलं. त्या जागी आलं १९२.१६८.१.७.

"चाचा, सात जुन्या कॉम्प्युटरचा आहे," माझ्या तोंडून निघालंच.

"तो चालू आहे का?"

"नाही. कपड्याखाली झाकून ठेवलाय."

"किती दिवस?"

"चार महिने."

"मग त्याच्या नावानं सात नंबर उपाशी ठेवायचा का?"

बायकोने लिंक उघडली. पान उघडलं. दहा एक्कावन्न. पाण्याचा तांब्या तिच्यासाठी भरला होता, तो मीच प्यायलो.

मामी अजून दारातच होत्या. "म्हणजे म्या घेतला व्हय लेकीचा नंबर?"

"तुम्ही नाही मामी, चूक माझी. आता काही अडचण नाही. फोन चालू राहू द्या."

"नको बाई. तिची परीक्षा होऊ द्या." त्यांनी बटण दाबून फोन पुरता बंद केला, पदरात गुंडाळला आणि पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या.

अकराला दोन मिनिटं असताना बायकोने दार लोटून घेतलं. चाचा निघाले होते, मी त्यांना चहाला थांबवलं. आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसलो. हलक्या आवाजात त्यांनी मला जे सांगितलं ते मी आजवर कुणाकडून नीट ऐकलं नव्हतं. नवा फोन घरात आला की त्याला काहीच माहीत नसतं. देणारा कुठे आहे हेही नाही. म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो, इथे नंबर कोण देतं? राउटर म्हणतो, सात घे. फोन म्हणतो, घेतो सात. राउटर म्हणतो, बरं, उद्या या वेळेपर्यंत तुझा. एवढी चारच वाक्यं. निम्मी मुदत सरली की फोन स्वतःहून विचारतो, आणखी राहू का? तो निघून गेला आणि विचारायला कुणी आलंच नाही, की मुदतीनंतर नंबर दुसऱ्यासाठी मोकळा.

"आणि काही यंत्रांना कायमचाच नंबर लागला तर?"

"द्या की. प्रिंटरला द्या, कॅमेऱ्याला द्या. पण राउटरला सांगून द्या, की दोन ते वीस काटेवाल्यांचे, एकवीसच्या पुढचे तुझे. तुम्ही त्याला सांगितलंच न्हाई."

"आणि देणाराच नसला तर?"

"तर पडून राहत न्हाईत. आपसात विचारून घेतात. बाहेरचं जग दिसत न्हाई, पण एकमेकांशी बोलता येतं."

हे मला पटलं नव्हतं. पुढे एका रविवारी चाचांनी जुना कॉम्प्युटर आणि लॅपटॉप नुसत्या एका वायरने जोडून दाखवले. वायफाय बंद, मध्ये राउटर नाही, मी वही उघडलेली नाही. मिनिटभर काही झालं नाही आणि मग दोघांनी १६९.२५४ ने सुरू होणारे दोन वेगळे नंबर आपणहून घेतले. त्या वायरवरून बायकोच्या मुलाखती जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या, लॅपटॉप बिघडला तर जाऊ नयेत म्हणून. मी मोजल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस आल्या.

पण त्या दिवशी, चहाचा कप हातात असताना, माझे कान दाराकडे होते. आधी तिचा आवाज हळू येत होता. मग नांदेडच्या बाईंचा ओळखीचा आवाज आला आणि हिचा आवाज मोकळा झाला. मग एका परीक्षकांनी विचारलं, "बाई, प्रमुख कुणी नव्हतं म्हणता. मग नियम केला कुणी?"

"कुणीच नाही सर. बसायच्या आधी विचारायचं आणि उत्तर यायला थोडा वेळ द्यायचा. एवढंच सगळ्या पाळत होत्या."

"आणि खोटं बोलून कुणी जागा अडवली तर?"

"मग रांग मोडली असती. ती मोडली नाही, एवढंच मी सांगू शकते. प्रत्येक गल्लीत असंच होईल असं मी लिहिलेलं नाही."

चाचांनी माझ्याकडे बघून मान हलवली. तिने आकड्यापेक्षा जास्त दावा केला नाही, हे मला फार आवडलं. वजनकाट्यावर आम्ही एवढीच काळजी घेतो.

मग तिने सकाळची गोष्ट सांगितली. लॅपटॉप, आईचा फोन, पाच नंबर. माझ्या वहीचंही सांगितलं. आतून तिघांच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर मी कप धुवायला घेतला.

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. ती बाहेर आली तेव्हा चेहरा लाल झालेला होता.

"झालं," ती म्हणाली. "पास म्हणाले. तिथंच सांगितलं."

मी "किती मार्क?" असं विचारून बसलो.

"ते नाही सांगितलं. तुमच्या वहीत आज कोरी जागा सोडा."

चाचांनी "मुबारक हो भाभी" म्हटलं आणि स्क्रूड्रायव्हर उचलून दुकानात गेले. कशाचंच काही घेतलं नाही, कधीच घेत नाहीत. त्यांच्या दुकानाचं शटर वर गेलेलं दिसलं की आजही मला बरं वाटतं. मुलीचे आभार मी फोनवर मानले, तेव्हा ती म्हणाली, "कशाबद्दल? मी तर नका करू म्हणाले होते." मी म्हणालो, त्याबद्दलच. त्या लॅपटॉपचेही मानायला हवेत. त्याने हट्ट धरला असता तर मामींची आरती आणि हिची परीक्षा दोन्ही अर्धवट चालू-बंद होत राहिल्या असत्या आणि दोष कुठे आहे ते अकरापर्यंत चाचांनाही सापडलं नसतं. राहता राहिली बायको. तिला मी त्याच आठवड्यात नांदेडच्या बसवर सोडायला गेलो. बाईंना पेढे द्यायचे होते. विसावी फेरी होती. बस सुटेपर्यंत थांबलो. काट्यावर अर्धा तास उशिरा पोचलो, तरी गाड्या रांगेतच उभ्या होत्या.

पण त्या दुपारचं एक राहिलं. सगळं शांत झाल्यावर मी आतल्या खोलीत गेलो, तर मामी पलंगाच्या कडेला तशाच बसलेल्या. पदरात गुंडाळलेला फोन मांडीवर. तासाभरात त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नव्हतं.

"झालं का तिचं?"

"झालं मामी. पास झाली."

त्यांनी डोळ्यांना पदर लावला. मग फोन सोडवून माझ्यापुढे धरला. "आता लावू का बापू? कुणाची अडचण तर न्हाई ना?"

"लावा."

फोन सुरू झाला, वायफायची खूण आली. मामी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"आता कुणाचा घेतला म्या?"

मी चाचांसारखं दोन ठिकाणी बोट लावलं. राउटरने त्यांना ओळखलं होतं. मुदत अजून सरली नव्हती आणि जागा तशीच राखलेली होती. पाच.

"तुमचाच आहे मामी," मी म्हणालो.